सतरावा सेकंद

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

ही वही रुपाने आणून दिली. "बोलत नाई तं लिवा तरी," म्हणाली. माझी बायको कोंढा गावची. एकदा धरलेली गोष्ट ती सोडत नाही. म्हणून लिहायला बसलो.

मंगेशला जाऊन पाच महिने होत आले. माझा धाकटा भाऊ, एकोणचाळीस वर्षांचा. मेच्या उन्हात तलावावरून आला, पाणी मागितलं आणि ओसरीतच आडवा झाला. मी सगळं केलं, दिवस घातले, दाखला काढला. मला काही होत नाही. भूक लागते, झोप येते, लाखनीला जाऊन कॉलेजात तास घेतो. रुपाला हे बरोबर वाटत नाही. मला त्यात चूक सापडत नाही.

काम एकच आहे. कोजागिरीनंतरच्या रविवारी तलावाची सोडत. आमच्या मच्छीमार सोसायटीत अकरा घरं आणि तलावाचे अकरा तुकडे. ज्याला जो तुकडा निघेल त्याने वर्षभर तिथेच जाळं टाकायचं. सांडव्याजवळचा तुकडा पहिला, सगळ्यांत चांगला. अकरावा दक्षिणेच्या टोकाला, नुसता गाळ आणि बेशरमची झुडपं. तिथे जाळं फाटतं आणि मासा लागत नाही.

पूर्वी मडक्यात चिठ्ठ्या टाकत. मंगेश सचिव होता, त्या तोच लिहायचा. दोन वर्षांपूर्वी सोसायटीतल्याच फकिराने भर सभेत म्हटलं की सचिवाची चिठ्ठी वेगळी दुमडली होती. मंगेश तसाच माझ्याकडे आला. "दादा, तुह्या कम्प्युटरनं काढून दे. माह्यावर बोट नको." म्हणून मी तो डबा बनवला.

८ ऑक्टोबर

रुपा हे वाचते असा संशय आहे, म्हणून सोपं करून लिहितो.

डब्यात तळहाताएवढा बोर्ड, त्यात एक मेमरी कार्ड, छोटा पडदा आणि एक बटण. बटण दाबलं की यंत्र सुरू होतं आणि एक ते अकरा आकडे उलटसुलट क्रमाने पडद्यावर येतात. पहिला आकडा ज्याचा, त्याला पहिला तुकडा. शेवटचा ज्याचा, त्याला गाळ. कोणाचा आकडा कोणता, ते सोसायटीच्या यादीत आधीच लिहिलेलं असतं.

यंदा त्यासाठी नवं, हलकं कर्नल बांधतो आहे. कर्नल म्हणजे यंत्र चालवणारा गाभा. बांधताना तो शेकडो प्रश्न विचारतो, हे हवं का, ते हवं का. जागा वाचावी म्हणून मी बरंच काही नको म्हटलं. त्यात प्रॉकही नको म्हटलं. प्रॉक हा दिसायला एक फोल्डर. आत फाइली दिसतात, पण कार्डावर त्या कुठेच नसतात. आकार पाहिला तर शून्य. एखादी उघडली की कर्नल त्या क्षणी स्वतःची हकीकत तिच्यात लिहून देतो. मेमरी किती उरली, कोणती कामं चालू आहेत, सुरू होऊन किती सेकंद झाले. कोणी उघडलीच नाही तर तिच्यात काही नसतं.

प्रॉक नसलेलं यंत्र आज सुरू केलं. दिवा लागला, बेरीज बरोबर आली. चालू कामांची यादी मागितली तर फक्त वरचा मथळा आला, खाली कोरं. बंद पडलेलं नव्हतं. काय चाललंय ते सांगता येत नव्हतं, एवढंच. त्या कोऱ्या पडद्याकडे बराच वेळ पाहत बसलो. रुपाने विचारलं, "काय झालं जी?" म्हटलं, काही नाही.

१० ऑक्टोबर

प्रॉक परत घेतलं. बांधताना हो म्हणून भागत नाही, यंत्र सुरू होतानाच ते जोडून घ्यावं लागतं. ती ओळ विसरलो होतो. आता नीट आहे. त्यातली 'अपटाइम' नावाची फाइल माझ्या कामाची. सुरू होऊन किती सेकंद झाले तो आकडा तिच्यात असतो. तोच बी म्हणून, म्हणजे सुरुवातीचा आकडा म्हणून घेऊन पुढचे आकडे उलटसुलट करायचे, असं मी पहिल्या डब्यातच ठरवलं होतं. या बोर्डात घड्याळाची बॅटरी नाही. प्रत्येक वेळी त्याची तारीख १९७० पासून सुरू होते, म्हणून तारखेवर विसंबता येत नव्हतं. कर्नलकडे अंदाज न येणाऱ्या आकड्यांचा स्वतःचा साठा असतो, पण सुरुवातीला तो रिकामा असतो आणि पहिल्या चाचणीत यंत्र त्याची वाट पाहत अडकून बसलं होतं. अपटाइमचा उपाय सुचला तेव्हा मला माझंच कौतुक वाटलं होतं. तेही नोंदवतो.

१३ ऑक्टोबर

भय्याजींकडे गेलो. ते सोसायटीचे अध्यक्ष, सत्तरी ओलांडलेले. नवं कार्ड घालू का, विचारलं.

"काई बदलायचं नाई," ते म्हणाले. "मागच्या साली सोडत झाली, कार्ड पाकिटात टाकलं, लाखेचं सील लावलं, अकरा जनाइच्या सह्या घेतल्या. तूच होता ना? आता नवं आनशीन तं फकिरा म्हनन, दादानं घरून भरून आनलं."

बरोबर आहे. मागच्या वर्षी सगळ्यांसमोर बंद डबा सुरू करायचा, आधीपासून चालू ठेवायचा नाही, ही अटही त्यांचीच. माझं नवं कर्नल कपाटात राहील. वाईट वाटायला हवं होतं.

सोडतीची यादी मंगेशच्या वहीत आहे. ज्योत्सनाने ती रुपाच्या हाती पाठवली. ज्योत्सना मंगेशची बायको. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी, म्हणजे मोठ्या दिराशी, बोलत नाही, पदर घेऊन बाजूने जाते. लग्नाला चौदा वर्षं झाली, ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. दोन मुलं आहेत. तिचा भाऊ जाळं टाकतो आणि ती लाखनीच्या बाजारात मासे विकते.

वहीत एक पाहिलं. सोसायटीच्या जुन्या रजिस्टरला मंगेश तिसरा आहे आणि सखाबाई सातवी. डब्याच्या यादीत त्याने अदलाबदल केली. तिसऱ्या क्रमांकावर सखाबाई, स्वतः सातवा. म्हातारी विधवा बाई, म्हणून तिला पुढे घेतलं असणार. तो असाच होता. डबा दोन दिवस त्याच्या घरी होता, हात बसावा म्हणून. यादी त्यानेच नंतर लिहिली. डबा परत देताना म्हणाला होता, "चांगला हाय दादा. काई बदलू नको आता."

२० ऑक्टोबर, रविवार

सोडत झाली. जे घडलं ते क्रमाने लिहितो.

देवळासमोर सगळे जमले. भय्याजींनी सील दाखवलं, सह्या दाखवल्या, पाकीट फोडलं. कार्ड मी सगळ्यांसमोर घातलं. नारळ फुटला. वयाने मोठी म्हणून बटण सखाबाईने दाबलं. आकडे आले:

७, २, ११, ५, ९, १, ८, ४, १०, ६, ३.

सात म्हणजे मंगेशचं घर, सांडवा. तीन म्हणजे सखाबाई, गाळ.

"सखामाय," फकिरा ओरडला, "गाळानं तुह्यासंगं लगीन लावलं का वो? मागच्या साली बी तूच!"

"लगीन लावलं तं एखांदी मरळ तरी द्या लागते ना मेल्यानं," ती म्हणाली. सगळे हसले.

मग एकेकाच्या लक्षात येऊ लागलं. "माही बी मागचीच जागा." "माही बी." अकराच्या अकरा घरांना मागच्या वर्षीचाच तुकडा. हसणं थांबलं. सगळे माझ्याकडे बघू लागले.

भय्याजी म्हणाले, "सील शाबूत होतं. बटन सखाबाईनं दाबलं. तलावानं आपली मानसं ओळखली म्हनाचं. का रे धनंजय, यात लबाडी हाय का?"

"लबाडी नाही."

"मंग झालं."

"झालं कसं?" फकिरा म्हणाला. "मंगेशनं जाता जाता भरून ठेवली असन यादी."

ज्योत्सना बायकांत मागे उभी होती. मी म्हटलं, मला आठवडा द्या, तपासून सांगतो. तोवर पाण्यात जाळं नाही, असं ठरलं. अर्ध्या लोकांना तपासायची गरज वाटत नव्हती. देवाची मर्जी म्हटली असती तर ते घरी गेले असते. मला म्हणता आलं नाही. अकरा आकडे जसेच्या तसे यायची शक्यता चार कोटींत एक आहे.

२२ ऑक्टोबर

कॉलेजातून आल्यावर कार्डाची नक्कल केली, दुसऱ्या बोर्डात घातली. बी म्हणून काय घेतलं जातं ते पडद्यावर छापायला लावलं. बंद केलं, सुरू केलं. सतरा. परत सतरा. बारा वेळा केलं. अकरा वेळा सतरा, एकदा अठरा. सतराला तीच ओळ, सात, दोन, अकरा.

अपटाइममध्ये सेकंदानंतरचे दशांशही असतात. माझ्या आज्ञा वाचणाऱ्या यंत्रातल्या छोट्या दुभाष्याला दशांश समजत नाहीत, म्हणून मीच ते कापून टाकले होते. बंद डबा सुरू केला की आकडे काढायची पाळी दर वेळी सतराव्या सेकंदाला येते. तेच कार्ड, तोच बोर्ड. बी तेच, म्हणून ओळ तीच.

मग घरी मला हे कसं दिसलं नाही? मी दोनशे वेळा तपासलं होतं. पण चालू यंत्रावर, एकामागून एक. दर वेळी सेकंद पुढे गेलेले, दर वेळी वेगळी ओळ. यंत्र बंद करून एकदाही तपासलं नाही. लबाडी होऊ नये म्हणून सील लावलं आणि बंद डबा सुरू करायची अट घातली, त्यामुळेच हे झालं. पण बी निवडलं मी.

हाताला कंप वगैरे नाही. चहा घेतला.

२३ ऑक्टोबर

काय करायचं याचा हिशेब लागत नाही. सांगितलं तर नवी सोडत. सांडवा ज्योत्सनाच्या हातून बहुतेक जाणार. शिवाय फकिरा म्हणेल, बघा, डबा खोटाच होता, आणि फायदा कोणाचा झाला? ज्याच्यावर बोट येऊ नये म्हणून डबा केला, त्याच्यावरच बोट येणार, आणि तो उत्तर द्यायला नाही. नाही सांगितलं तर सखाबाई अजून एक वर्ष गाळात. सांगण्यामागे माझा प्रामाणिकपणा आहे की बरोबर असण्याची हौस? दोन्ही तपासलं. कळलं नाही.

रुपाला सांगितलं. तिने सुपातले तांदूळ निवडणं थांबवलं नाही.

"सांगान ना मंग?"

"ज्योत्सनाचं काय?"

"तिले मी सांगतो जाऊन. पन हे दाबून ठेवान तं तुमी पुरे दगड होऊन जान. आधीच काई कमी नाई."

२४ ऑक्टोबर

रुपा जाऊन आली. म्हणाली, ज्योत्सनाने ऐकून घेतलं, एक प्रश्न विचारला नाही. सभेच्या निर्णयाची वाटही पाहिली नाही. भावाला घेऊन गेली आणि सांडव्याजवळ मागच्या वर्षीपासून रोवलेले आपले बांबू उपटून आणले. आश्चर्य वाटलं का, मी विचारलं. रुपा म्हणाली, "नाई वाटलं तिले. मलेच वाटलं." धक्क्याने माणूस असं वागतं. मलाही लोक तसंच म्हणतात.

२५ ऑक्टोबर

कॉलेजातून आलो तर सखाबाई ओसरीत बसलेली. झिंगे घेऊन आली होती, पळसाच्या पानात.

"आयकलं का तू डब्ब्यात खोट काढून राहिला."

"खोट आहे, माय. मी सभेत सांगणार आहे."

"काहून?"

"तुम्हाला दोन वर्षं गाळ आला, तो माझ्या चुकीने."

"माह्यासाठी मंगेशचं नाव काहून खराब करतं बापा? ते पोट्टं माह्या मांडीवर मुतलं हाय. तुही माय निंदाले जाये तं मीच संभाळो त्याले. मले एकटीले किती लागते? गाळात वाघूर मासा भेटते, ते खातो मी."

मी म्हटलं, मंगेशचा यात काही संबंध नाही, चूक फक्त माझी. ती माझ्याकडे बघत राहिली. "तू त्याच्यासारखा नाई," म्हणाली. कौतुक होतं की काय, कळलं नाही. झिंगे रुपाने केले. खाल्ले.

२७ ऑक्टोबर, रविवार

सभेत सांगितलं. बोर्ड आणि पडदा सोबत नेला होता. चार वेळा बंद-सुरू करून दाखवलं. चारही वेळा सात पहिला, तीन शेवटी. मग फकिरा उठला. मी तयार होतो.

"एक सांग. मंगेशनं याच्यात काई केलं नाई?"

"नाही. त्याला यातलं काही येत नव्हतं. बी मी निवडलं, तपासलं मी. तो फक्त बटण दाबायचा."

"मंग त्या चिठ्ठीच्या टायमाले बी म्या उगाच बोललो असन," फकिरा म्हणाला. हे तो बोलेल असं कोणाला वाटलं नव्हतं. बहुतेक त्यालाही नाही. "पुस्तकात लिवा. मंगेशचा दोष नाई म्हनून लिवा. माही सही पयली घ्या."

नवी सोडत मडक्यातच काढली, चिठ्ठ्या फकिराने लिहिल्या. सांडवा चंद्रकलाच्या घराला गेला. ज्योत्सनाला नववा तुकडा, सखाबाईला चौथा. गाळ फकिराला. लोक पोट धरून हसले. "आता कोनावर बोट दाखवशीन बे?" फकिरा स्वतःही हसला.

ठरावाचा मजकूर भय्याजींनी मलाच सांगायला लावला. यंत्रातली चूक सर्वस्वी माझी, यात कै. मंगेश यांचा कोणताही दोष नाही. मजकूर उतरवून झाल्यावर उद्या सही करायची आहे.

मनावरचं ओझं उतरतं म्हणतात. तसं काही जाणवलं नाही, पण जेवताना रुपाने दोनदा विचारलं, अजून देऊ का, आणि दोन्ही वेळा मी हो म्हणालो.

२८ ऑक्टोबर

दुपारी ठरावाचं पुस्तक आलं. ओसरीत घेऊन बसलो तेवढ्यात ज्योत्सना आली. रुपा अंगणवाडीत होती. ज्योत्सना मागे फिरेल असं वाटलं. ती खांबाशी उभी राहिली, पदर कपाळापर्यंत, तोंड अंगणाकडे.

"दादा," म्हणाली.

आवाज ओळखीचा नव्हता. मी पुस्तक बाजूला ठेवलं.

"डब्बा दोन रोज घरी होता. त्याईनं पंधरा-वीस डाव बंद-चालू केला. तेच आकडे येत. ते हासले पयले. म्हने, दादा येवढा शिकला आन् हे पाय. मंग चूप झाले. तवा रजिस्टरात त्याईचं नाव तिसरं होतं, तीनले गाळ."

ती बोलत राहिली.

"मी म्हटलं, आपल्या जागी सखाबाईले टाकता? म्हने, एकाच सालाचं हाय. सगळे माह्यावर खोटंच बोट दाखवतेत, एक साल खरंच घेतो. पुढच्या साली दादाले सांगून देतो, डब्बा दुरुस्त कर म्हनून." ती थांबली. "सांगाले राह्यले नाई. आन् मले सांगता आलं नाई. यंदा सील फोडलं तवा मले ठाऊक होतं काय निंगन ते."

"रुपाला का नाही सांगितलं?"

"जाऊबाईले सांगतलं असतं तं तुमाले समजलं असतं."

मग ती गेली. मी मंगेशची वही काढून तिसरं आणि सातवं नाव पाहिलं. दोन आठवड्यांपूर्वी पाहिलं होतं तेच. याच पानावर मी काय समजलो होतो ते वर लिहिलेलं आहे. खोडत नाही.

पुस्तकातलं वाक्य मी सांगितलेलं. आता ते खरं नाही. सही केली तर खोट्यावर केली, नाही केली तर फकिराने दिलेलं परत घेतलं. नुकसान माझं नव्हतं, सभेचंही नव्हतं. म्हणून पुस्तक काखेत मारून सखाबाईकडे गेलो.

ती अंगणात जाळं शिवत बसली होती. मी सगळं सांगितलं, ज्योत्सनाने सांगितलं तसंच, एक साल म्हणाला होता तेही. ती सुतळी ओढत राहिली. जाळ्याचं एक घर पुरं करून गाठ मारली.

"गाळात उतरलो तवा दोनदा आला होता," ती म्हणाली. "बेशरम तोडू लागाले. मी म्हटलं, तुहं काम सोडून माह्याकडे काहून? तं काई बोलला नाई. तवा वाटलं, किती चांगलं पोट्टं."

मी काखेतलं पुस्तक मांडीवर घेतलं.

"काय लिवलं हाय त्याच्यात, वाच."

मी वाचलं. दोष नाही इथपर्यंत.

"एक साल त्यानं घेतलं. यंदाचं तू परत केलं. आनखी काय पायजे?" तिने दुसरं भोक शोधून सुई घातली. "राहू दे तसंच. फकिऱ्याले काई सांगू नोको, तो आत्ता कुठं मानूस झाला. आन् त्या पोरीले सांग, सखाबाईले ठाऊक हाय, आन् सखाबाई जाळं शिवून राहिली. येवढंच सांग."

तिथेच, तिच्या अंगणात बसून सही केली. अक्षर वाकडं आलं. पुस्तक मांडीवर होतं, त्यामुळे असेल.